बत्ती गुल झाली की माळ्यावरची गॅसबत्ती आठवते; पण पेटवण्याआधी तिचा एकेक भाग समजून घ्या

हेंद्रेपाडा (बदलापूर) : पावसाळा जोर धरू लागला की उल्हास नदीकाठच्या लोकांचे डोळे पाण्याच्या पातळीकडे लागतात. २६ जुलै २००५ चा पूर इथले लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. अशा वेळी बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यासारख्या नदीकडच्या भागात पहिली जाते ती वीज. पाणी शिरलं की धोका नको म्हणून पुरवठा बंद ठेवावाच लागतो. मोबाइलची बॅटरी उतरते, इन्व्हर्टर दम तोडतो आणि मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "माळ्यावर जुनी बत्ती आहे ना, काढा ती."

ती बत्ती काढायला हरकत नाही. पण तिचं काम कसं चालतं हे आता फार थोड्यांना माहीत आहे. आजोबांच्या हाताला जे ठाऊक होतं ते नातवाला कुणी शिकवलेलं नाही. बत्तीत नेमकं काय होतं हे एकदा कळलं, की ती कधी नीट जळतेय आणि कधी धोका सांगतेय हे नुसतं बघून ओळखता येतं.

नाव गॅसबत्ती, पण आत रॉकेल

गावाकडं 'गॅसबत्ती', 'पेट्रोमॅक्स' किंवा नुसतं 'बत्ती' म्हणतात ती वस्तू एकच. वरातीत डोक्यावर, तमाशाच्या कनातीत, म्हसा यात्रेसारख्या जत्रांतल्या दुकानांपुढं, पहिल्या पावसात वलगणीचे मासे आणि मुठे धरायला ओढ्यावर अशी ती सगळीकडं असायची. पेट्रोमॅक्स हे खरं तर जर्मनीतल्या एरिख अँड ग्रेट्झ या बर्लिनच्या कंपनीचं नाव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या मॅक्स ग्रेट्झ यांनी ही बत्ती बाजारात आणली. पेट्रोलियममधलं 'पेट्रो' आणि त्यांच्या नावातलं 'मॅक्स' जोडून 'पेट्रोमॅक्स' झालं. पुढं कुणाच्याही बत्तीला लोक तेच म्हणू लागले.

कंदील आणि बत्ती यांत फरक आहे. कंदिलात वात रॉकेल वर ओढते आणि वातीच्या टोकाला पिवळी ज्योत जळते. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यातला 'प्रभाकर' कंदील एकेकाळी महाराष्ट्रात घरोघरी होता, तो याच जातीचा. बत्तीला वात नसते. तिच्यात रॉकेलची आधी वाफ होते, त्या वाफेत हवा मिसळते आणि ते मिश्रण एका जाळीच्या पिशवीत जळतं. त्या वाफेलाच लोक गॅस म्हणू लागले, म्हणून ती गॅसबत्ती.

टाकी आणि पंप

खालची गोल पितळी टाकी म्हणजे बत्तीचं पोट. मोठ्या पेट्रोमॅक्सच्या टाकीत साधारण एक लिटर रॉकेल बसतं आणि ते सुमारे आठ तास पुरतं. टाकी कधीही काठोकाठ भरायची नाही, पाऊण भरायची. वरच्या मोकळ्या जागेत पंपाने हवा कोंबली जाते. रॉकेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. दाबलेली हवाच स्प्रिंगसारखी रॉकेलला नळीतून वर ढकलत राहते. जागाच ठेवली नाही तर हवा मावत नाही, आणि दोन मिनिटांत बत्ती मंदावते.

पंपाच्या दांड्याला कातडी वायसर असतो. वर्षभर पडून राहिला की तो सुकतो आणि आकसतो. मग कितीही पंप मारा, दाब धरत नाही. त्यावर तेलाचे दोन थेंब सोडून बोटांनी मऊ केला की बहुतेक वेळा काम होतं. पंपाच्या तळाशी एक बारीक झडप असते. ती हवा आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही. पंपाचा दांडा आपोआप वर येत असेल किंवा पंपातून रॉकेल झिरपत असेल तर ही झडप गेली आहे. अशी बत्ती पेटवायची नाही.

टाकीच्या झाकणावर छोटा स्क्रू असतो, काही बत्त्यांना दाब दाखवणारा काटाही असतो. बत्ती विझवायची म्हणजे फुंकर मारायची नाही, हा स्क्रू सैल करून हवा सोडायची. दाब गेला की रॉकेल वर चढत नाही आणि बत्ती आपोआप विझते.

स्पिरिट कशाला लागतं?

टाकीतून वर गेलेली नळी मेंटलच्या अगदी जवळून जाते. बत्ती पेटलेली असताना मेंटलच्या उष्णतेनेच या नळीतल्या रॉकेलची वाफ होत राहते. म्हणजे बत्ती स्वतःचं इंधन स्वतःच तापवते. पण सुरुवातीला मेंटल थंड असतं. म्हणून नळीखालच्या वाटीत स्पिरिट ओतून ते जाळतात आणि नळी आधी तापवून घेतात.

इथंच सगळ्यात जास्त घाई होते. स्पिरिट पूर्ण जळायच्या आत पंप मारला तर वाफेऐवजी पातळ रॉकेल वर येतं, मोठी पिवळी ज्योत भडकते, काचेवर काजळी धरते आणि घरातले घाबरतात. तेव्हा पंप मारत राहायचं नाही. स्क्रू सैल करून दाब सोडायचा, बत्ती थंड होऊ द्यायची आणि पुन्हा सुरुवात करायची. पेटत्या किंवा गरम वाटीत बाटलीतून स्पिरिट ओतणं तर जिवावर बेतू शकतं, कारण ज्योत धारेवरून थेट बाटलीत शिरते.

निपल आणि पिन

वाफ झालेलं रॉकेल एका पितळी निपलमधून बाहेर पडतं. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं बारीक असतं. ते बारीक असण्यामागं कारण आहे. दाबाखालची वाफ त्यातून अतिशय वेगानं सुटते आणि जाताना आजूबाजूची हवा सोबत ओढून नेते. बत्तीचा जो 'सूंऽऽ' आवाज येतो तो याच झोताचा. आवाज एकसारखा असेल तर बत्ती नीट चालली आहे.

या भोकात कार्बन अडकतो. तो काढायला आतून एक पिन असते, बाहेरची चावी फिरवली की पिन भोकातून वर येऊन ते साफ करते. स्टो दुरुस्त करणारे जसं निपलला पिन मारत, तसंच हे. फरक एवढाच की इथं पिन बत्तीतच बसवलेली असते. भोक मोठं करायला खिळा किंवा जाड तार घालू नये. भोक वाढलं की इंधन जास्त येतं, हवा तेवढीच राहते आणि बत्ती कायमची काजळी धरते.

हवा मिसळली तरच उजेड

निपलच्या पुढं एक वाकडी नळी असते. तिच्यात वाफ आणि हवा एकजीव होतात. बत्तीचा सगळा खेळ याच मिश्रणाचा आहे. हवा कमी पडली तर ज्योत पिवळी होते, काजळी येते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. मिश्रण बरोबर असेल तर ज्योत निळी आणि फार गरम असते. गंमत म्हणजे निळ्या ज्योतीला स्वतःचा उजेड जवळपास नसतोच. स्वयंपाकाच्या गॅसच्या शेगडीवर पुस्तक वाचता येत नाही, ते याचमुळं.

मग उजेड येतो कुठून? तो मेंटलमधून.

मेंटल : राखेचा दिवा

नळीच्या टोकाला चिनी मातीची छोटी टोपी असते, तिला मेंटल बांधतात. नवीन मेंटल म्हणजे सुती किंवा रेशमासारख्या धाग्याची मऊ पिशवी. ती धातूंच्या क्षारांच्या पाण्यात भिजवून वाळवलेली असते. पहिल्यांदा पेटवलं की धागा जळून जातो आणि क्षारांची राख तेवढी पिशवीच्या आकारात उभी राहते. वापरलेलं मेंटल बोट लावताच ढासळतं, कारण ते कापड उरलेलंच नसतं. निळ्या ज्योतीत ही राख तापून पांढरी लखलखते.

ही युक्ती ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांची. त्यांनी १८८५ मध्ये पहिलं मेंटल केलं, पण त्याचा उजेड हिरवट होता आणि ते टिकत नव्हतं. १८९१ मध्ये त्यांना नेमकं प्रमाण सापडलं : ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि फक्त १ टक्का सेरियम ऑक्साइड. थोरियम उष्णता सोसतं, चिमूटभर सेरियम उजेड देतं. सेरियम जास्त घातलं तर उजेड वाढत नाही, उलट कमी होतो. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये गॅसचे दिवे आले तेव्हा मेंटल नव्हतं, नुसती उघडी ज्योत जळायची. मेंटलमुळं तेवढ्याच गॅसमध्ये कितीतरी जास्त उजेड मिळू लागला.

या थोरियमचं नातं ठाणे जिल्ह्याच्या शेजारीच आहे. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज सापडतं. त्यातून थोरियम वेगळं करणारा कारखाना १९५५ मध्ये मुंबईत तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला सुरू झाला. इथलं थोरियम नायट्रेट देशातल्या मेंटल बनवणाऱ्यांना जात असे.

थोरियम थोडं किरणोत्सारी असतं. बत्तीच्या उजेडात बसल्यानं काही होत नाही, पण मेंटलची राख नाकातोंडात जाता कामा नये. फुटलेलं मेंटल फुंकून काढू नका. ओल्या कागदानं टिपा, पिशवीत बांधून टाका आणि हात धुवा. मुलांच्या हाती देऊ नका. आता बऱ्याच मेंटलमध्ये थोरियमऐवजी यट्रियम वापरतात, पण पाकिटावर तसं लिहिलेलं नसेल तर काळजी घेतलेली बरी.

सिलिंडरवरची बत्ती

भाजीवाले, हातगाडीवाले वापरतात ती बत्ती छोट्या सिलिंडरवर बसते. तिला पंप नाही आणि स्पिरिटही लागत नाही, कारण एलपीजी सिलिंडरमधून सुटतानाच वायू होतो आणि दाबही त्याचा स्वतःचा असतो. पुढचं सगळं तेच : निपल, हवेची भोकं, नळी, चिनी मातीची टोपी, मेंटल आणि काच.

हिचा एक नेहमीचा बिघाड मजेशीर आहे. बत्ती महिनोन्‌महिने पडून राहिली की नळीत कोळी जाळं विणतो किंवा कुंभारमाशी मातीचं घर करते. हवा अडते, ज्योत पिवळी होते, कधी गॅस उलटा येऊन हवेच्या भोकापाशीच जळू लागतो. म्हणून पेटवण्याआधी नळी काढून आरपार बघायची.

सोपी म्हणून ही बत्ती कमी धोक्याची नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत, खाटेखाली, मोरीत साचून राहतो. आणि एक लिटर पातळ गॅसचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. सिलिंडर आडवा केला तर वायूऐवजी पातळ गॅस निपलकडे येतो आणि ज्योत एकदम भडकते. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात चोरून भरून देणाऱ्यांकडून गॅस घेऊ नये. किती भरला याचा तिथं हिशोब नसतो, आणि आत मोकळी जागाच उरली नाही तर उन्हात किंवा बत्तीच्या झळीनं सिलिंडर फुटू शकतो. अधिकृत एजन्सीकडचा पाच किलोचा छोटा सिलिंडर हाच सरळ मार्ग.

बत्ती बघून बिघाड ओळखा

• मेंटल पिवळं, काचेवर काजळी : हवा कमी किंवा निपल सैल. बत्ती बंद करा, नळी साफ करा.

• उजेड धडधडतो, कमी-जास्त होतो : निपलमध्ये कचरा, दाब कमी किंवा वाफेच्या नळीत कार्बन.

• मेंटलला भोक पडलं : लगेच बंद करा. त्या भोकातून ज्योतीचा झोत काचेवर बसतो आणि काच तडकते.

• आवाज आहे, उजेड नाही : मिश्रण मेंटलच्या बाहेर जळत असेल किंवा मेंटल ढिलं बांधलेलं असेल.

• जोडाजवळ ओल किंवा वास : पेटवायचीच नाही. गॅसच्या बत्तीचे जोड साबणाच्या फेसानं तपासा, काडी लावून कधीही नाही.

काचेचंही काम आहे. ती वारा अडवते आणि मेंटल फुटलं तर राख बाहेर उडू देत नाही. वरची टोपी पावसाचा थेंब अडवते, कारण तापलेल्या काचेवर एक थेंब पडला तरी काच तडकते. बिनकाचेची बत्ती पेटवू नये.

फलटणनं सुधारलेली बत्ती

ही बत्ती सोपी करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. सातारा जिल्ह्यातल्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. अमेरिकेतून शिकून आलेले अभियंते डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये तिथं आले. ज्या घरात वीज नाही तिथं चांगला उजेड कसा पोचेल, या प्रश्नावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काम केलं. पेट्रोमॅक्सची अडचण अशी की तिला दाब फार लागतो, पेटवायला कटकट आणि आवाज मोठा. त्यांनी 'नूरी' नावाची बत्ती तयार केली. ती कमी दाबावर चालते आणि रॉकेल, डिझेल किंवा इथेनॉल या तिन्हींवर जळते. उजेड १०० वॉटच्या जुन्या बल्बएवढा. इथेनॉल गोड ज्वारीपासून काढता येतं आणि त्या ज्वारीवरही याच संस्थेनं काम केलं. शेतात पिकलेल्या इंधनावर शेतकऱ्याच्या घरात उजेड, असा तो विचार होता. पुढं त्यांनी 'लॅनस्टोव्ह'ही केला. बत्तीची बरीचशी उष्णता वाया जाते, ती वापरून त्यावरच स्वयंपाक करायचा. राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नूरी अनेक इंधनांवर चालावी म्हणूनच बनवली होती. साध्या रॉकेलच्या बत्तीत दुसरं काही घालायचं नाही. आता रेशनचं निळं रॉकेल सहसा दिसत नाही, म्हणून 'थोडं पेट्रोल घालून बघू' हा विचार कुणाच्या मनात आला तर तो तिथंच सोडा. पेट्रोलची वाफ साध्या तापमानालाच होते. दाबाच्या टाकीत पेट्रोल म्हणजे हातात बॉम्ब.

हिशोब काय सांगतो

एक लिटर रॉकेलमध्ये साधारण १० युनिट विजेएवढी ऊर्जा असते. ते आठ तासांत जळलं तर तासाला सव्वा युनिट, म्हणजे एखाद्या इस्त्रीएवढी उष्णता खोलीत सतत सुटते. त्या बदल्यात नूरीसारखी बत्ती १०० वॉटच्या बल्बएवढा उजेड देते. आज तेवढाच उजेड १२ ते १५ वॉटचा एलईडी बल्ब देतो. बत्ती मुळात शेगडी आहे, उजेड तिचा जोडधंदा.

शेगडी म्हटल्यावर धोकाही शेगडीचाच. पावसात दारं-खिडक्या लावून बसलेल्या खोलीत बत्ती तासन्‌तास जळत राहिली तर हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ होणं ही त्याची खूण. अशा वेळी 'थकवा आलाय' म्हणून आडवं पडू नका. आधी सगळ्यांना उघड्या हवेत न्या.

पुराच्या रात्रीसाठी

• घरात चार्जिंगचा एलईडी दिवा आणि पॉवर बँक पावसाळ्याआधीच भरून ठेवा. पहिला उजेड तोच.

• बत्ती वापरायचीच तर ओटीवर, पडवीत किंवा उघड्या जागेत. झोपण्याच्या खोलीत नाही आणि रात्रभर चालू ठेवून तर अजिबात नाही.

• जळत्या किंवा गरम बत्तीत रॉकेल भरू नका. आधी दाब सोडा, बत्ती थंड होऊ द्या.

• पाणी घरात शिरायच्या आत सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून काढा, टोपी लावा आणि सिलिंडर उभाच दोरीनं बांधा. १४.२ किलो गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, पण तो त्याहून जास्त पाणी बाजूला सारतो. म्हणून भरलेला सिलिंडरसुद्धा तरंगत वाहून जातो.

• पूर ओसरल्यावर घरात शिरताना काडी किंवा बत्ती पेटवू नका. आधी दारं-खिडक्या उघडा. गॅसचा वास आला तर विजेचं बटणही दाबू नका, बाहेर या आणि १९०६ या गॅस आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

• पाण्यात राहिलेला रेग्युलेटर आणि नळी एजन्सीकडून तपासून घेतल्याशिवाय वापरू नका.

माळ्यावरची जुनी बत्ती भंगारात द्यायची गरज नाही. सणाला, जत्रेला, अंगणात ती आजही शोभते. फक्त पावसाआधी एका कोरड्या दुपारी ती खाली काढा, वायसरला तेल द्या, निपल साफ करा, मेंटल बदला आणि घरातल्या जाणत्या माणसाकडून ती अंगणात एकदा पेटवून घ्या. पेटवताना पोरांनाही लांबून बघू द्या. पाणी दारात आलेल्या रात्री शिकायला वेळ नसतो.